पारंपरिक

मुंढव्याच्या त्या हॉलमध्ये आग पेटवायला मनाई.
बोर्ड वाचा मॅडम, म्हणाला वॉचमन,
आणि सोपान हलगी काखेत धरून
पार्किंगमध्ये नुसता उभा, डिसेंबरच्या गारठ्यात.
चामडं सैल, आवाज बसलेला.

शेवटी शेजारच्या लॉन्सवर लग्न होतं, तिथून
मेकअपवालीचा हेअर ड्रायर आणला मी,
अर्ध्या तासाच्या बोलीवर.
एक्स्टेन्शन बोर्डापाशी उकिडवा बसून
सोपान हलगी शेकत राहिला,
नवरीचे केस सुकवावेत इतक्या निगुतीनं.

दोन हातांवर फर्गल.
त्याच्या बाउरॉनला उलटं दुखणं:
पुण्याच्या कोरड्या हवेत कातडं ताणतं, किंचाळतं.
तो आतून पाणी चोपडत होता तळहातानं,
बाटलीच्या झाकणातून थोडं थोडं.

दोन्ही बोकडाचीच कातडी.
एकीला आग लागते, एकीला पाणी.
सतरा वर्षं दोघं बोलले नव्हते.

बँडचं नाव 'तीन पानं'.
पोस्टर बघून लोक विचारायचे, जुगार की मसाला?
फर्गल गॉलवेचा, चाकणच्या कंपनीत इंजिनिअर,
खिशात टिनची बासरी, पेनाशेजारी.
मी व्हायोलिन, शिकवणीच्या पोरींकडून यमन घोटून घेणारी.
रुबेन नंतर आला, गिटार घेऊन. भांडणात पडायचा नाही.
अजूनही पडत नाही.
फर्गलनं पहिल्यांदा जिग वाजवली तेव्हा
सोपान म्हणाला, हा तर दादराच,
पाठीमागं कुत्रं लागलेला.
आणि कुत्र्यासकट उचलला त्यानं तो हलगीवर.

मग सीडी निघाली.
चौथ्या गाण्याखाली, बारीक अक्षरात: पारंपरिक.
सोपाननं त्यावर बोट ठेवलं.
"पारंपरिक म्हणजे कोण?
ही चाल माझ्या चुलत्याची. गेनबा खंडागळे.
वरातीपुढं चालता चालता बसवली त्यानं.
पायात चप्पल नव्हती त्याच्या. नाव होतं."
फर्गल म्हणाला, आमच्याकडंही असंच लिहितात,
नाव माहीत नसलं की.
"तुला माहीत होतं."

मी दोघांच्या मध्ये होते.
मी गजाला राळ लावत बसले.

आज साडेतीनशे खुर्च्या, माणसं दोनशेच्या आत.
फर्गलचा डावा कान गेलाय,
त्या बाजूला म्हणून रुबेन उभा, पायानं ठेका दाखवत.
पहिल्या दोन रील घसरल्या.
तिसरीला मागून कुणी जुन्यानं शिट्टी मारली
आणि माझी बोटं मला न विचारता धावायला लागली.

चौथं गाणं.
फर्गल माइकपाशी गेला. चिठ्ठी नव्हती हातात.
ही चाल, म्हणाला, गेनबा खंडागले यांची.
मागून, माइकशिवाय, सोपान: "ळे."
लोक हसले.
खंडागले.
"ळे. जीभ मागं घे."
तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले
आणि टाळूच्या मागून कुठून तरी,
भातात खडा लागावा तसा, ळ निघाला.
या वेळी कुणी हसलं नाही.

सोपाननं मानसुद्धा हलवली नाही.
चिमकी बोटांत सरकवली, टिपरू उचललं,
आणि गेनबा निघाला वरातीपुढं, अनवाणी,
साडेतीनशे खुर्च्यांमधून.
मी दीड मात्रा उशिरा शिरले. चुकलेच.
शेवटाकडं हलगी थंडावली, आवाज उतरला.
फर्गलनं पट्टी नाही बदलली, बासरी खाली ठेवली,
आणि उरलेलं ऐकत राहिला, चांगला कान पुढं करून.

ड्रायर द्यायला गेले तेव्हा लग्न उठलं होतं.
मेकअपवाली पेटीवर बसून.
अर्धा तास म्हणाला होतात, ती म्हणाली.
मी काहीतरी पुटपुटले, पैसे दिले. तिनं घेतले.

गेटवर रिक्षात सोपान, मांडीवर हलगी उताणी,
पाकीट मोजून झालेलं.
बाहेर फर्गल वाकून उभा.
"नळ म्हण."
नल.
"खिळा."
खिला.
"आता म्हण, कळलं."
कललं, म्हणाला फर्गल.
सोपान ड्रायव्हरला म्हणाला, चला.
रिक्षा जरा पुढं जाऊन थांबली.
"उद्या परत," आतून आवाज आला.